आयर्लंडच्या खेड्यातली गुरंढोरं: एका गाईवर चाललेलं घर

मेयोची_वाट

१९३७ साली आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांना एक वेगळाच गृहपाठ मिळाला. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि ती सांगतील ते वहीत उतरवून आणायचं. आयरिश लोकसाहित्य आयोगाने हे काम १९३९ पर्यंत चालवलं. सुमारे पाच हजार शाळांनी भाग घेतला. त्या वह्यांची पानं आता कोणालाही घरबसल्या वाचता येतात. विषयांच्या यादीत 'शेतावरच्या जनावरांची निगा' हाही एक विषय होता. मी मेयो काउंटीत राहते, आणि यंदाच्या हिवाळ्यात मला ही पानं वाचायचा नादच लागला आहे.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी लिहिलेलं हे लिखाण विद्वानांच्या लेखांपेक्षा मला जास्त नेमकं वाटतं. गाईचं नाव काय, ती दाव्याला कशी बांधतात, धार काढताना मागचे पाय कशाने जखडतात, सगळं आहे. वासराला 'सक सक' म्हणून बोलावतात, कोंबड्यांना 'त्युक त्युक', डुकरांना 'हरिश हरिश'. कोंबडी रवणीला बसवताना खाली अंडी तेरा, आणि पुष्कळ घरांत त्या अंड्यांवर जळक्या काडीने क्रूसाची खूण. गोठ्याच्या आढ्याला लव्हाळ्याचा क्रूस, दारावर घोड्याची नाल. धार काढून झाली की दुधाच्या फेसात अंगठा बुडवून गाईच्या कुशीवर क्रूस काढायचा.

हे वाचून 'काय अडाणी लोक होते' असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. पश्चिम आयर्लंडमधल्या कुळाकडे दहा-वीस गाई नव्हत्या. एक असायची, बरं चाललं असेल तर दोन-तीन. घरात खायला बटाटा आणि ताक. लोणी विकून चार पैसे, वासरू विकून खंडाला हातभार. ती एक गाय आटली किंवा मेली तर पुढचं वर्ष कसं काढायचं याला उत्तर नव्हतं. त्या घराने गाईच्या शेपटीला लाल चिंधी बांधली, तर त्या चिंधीमागचा हिशेब आपण समजून घ्यायला हवा.

डोनेगॉल आणि मेयोच्या जुन्या घरांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहत. लांबट घर, वरच्या अंगाला चूल आणि माणसं, उताराच्या अंगाला गाय, मध्ये शेणमूत वाहून जायला दगडी नाली. भिंत नाही. गाईला चुलीतला जाळ दिसला पाहिजे, म्हणजे ती जास्त दूध देते, असं लोक सांगत. हिवाळ्यात समुद्रावरून येणारा इथला वारा अंगावर घेतला की या रचनेचं शहाणपण लगेच पटतं. गाईची ऊब माणसांना, चुलीची ऊब गाईला.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी भर घालावी. आयर्लंडमध्ये राहणारे मराठी लोक इथे बरेच आहेत हे मला माहीत आहे.

पंचगंगाकाठ

ताई, छान धागा. आमचा घरचा दुधाचा धंदा आहे म्हणून विचारतो. जात कोणती? हिवाळ्यात वैरण काय? एका गाईवर घर चालायचं म्हणजे दूध किती असेल?

मेयोची_वाट

दादा, नैऋत्येकडची जुनी जात म्हणजे केरी. काळी, लहान चणीची, काटक. निकस डोंगराळ गवतावरही दूध देते, म्हणून तिला गरिबाची गाय म्हणत. तिची वंशावळीची नोंदवही रॉयल डब्लिन सोसायटीने १८९० मध्ये सुरू केली. उत्तरेकडे बिनशिंगांची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली आयरिश मोइल्ड. दोन्ही जाती पुढे नामशेष व्हायच्या बेताला आल्या आणि मोजक्या लोकांनी हट्टाने टिकवल्या.

वैरण म्हणजे उन्हाळ्यात कापून वाळवलेलं गवत. पण इथला पाऊस विचारू नका. गवत कापलं की ते वाळेपर्यंत जीव टांगणीला. शेजारी जमून एकमेकांचं गवत, पीट (जळणासाठी खणून वाळवलेली दलदलीतली माती), कापणी उरकत. या सामुदायिक कामाला मेहल म्हणतात. ज्यांच्याकडे एकच घोडा, असे दोन शेतकरी नांगरणीला जोडी जुळवत. काटेरी, पिवळ्या फुलांचं फर्झ नावाचं झुडूप कुटून घोड्यांना घालत.

दूध आजच्या मानाने थोडंच. शिवाय हिवाळ्यात गाय जवळजवळ आटलेली असे. म्हणून सगळी वाट वसंताची. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा सण येतो तो नेमका गाई विण्याच्या, दूध परत सुरू होण्याच्या सुमाराला. ही ब्रिजिड दुभत्याची रक्षणकर्ती. आदल्या रात्री घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात, ती रात्री येऊन त्याला आशीर्वाद देते अशी श्रद्धा. मग ते कापड वर्षभर जपून ठेवायचं आणि गाय अडली की तिच्या अंगावर घालायचं. २०२३ पासून या सणाची आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

चुनखडी

मी क्लेअर काउंटीत, बरेन नावाच्या चुनखडीच्या डोंगराळ भागाच्या पायथ्याशी राहतो. इथली पद्धत जगावेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एरवी डोंगराळ देशात गुरं उन्हाळ्यात वर जातात आणि हिवाळ्यात खाली येतात. बरेनमध्ये नेमकं उलटं. ऑक्टोबर सरता सरता गाई चुनखडीच्या उघड्या माळावर नेतात आणि एप्रिलच्या शेवटाला खाली आणतात. लांबून पाहिलं तर तिथे नुसता राखाडी दगड दिसतो, जनावर काय खाणार असा प्रश्न पडतो. पण दगडांच्या फटींत आणि मधल्या पट्ट्यांत गवत असतं, उन्हाळाभर कोणी तोंड न लावलेलं. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, पाणी लगेच मुरून जातं म्हणून पायाखाली चिखल नाही, आणि झऱ्यांच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. गाभण गाई तिथे हिवाळा काढतात आणि धडधाकट होऊन उतरतात. उलट उन्हाळ्यात तिथे पाणी टिकत नाही, म्हणून गुरं खाली. या पद्धतीला इथे विंटरेज म्हणतात.

याचा दुसरा फायदा वनस्पतिशास्त्रज्ञांना कळायला वेळ लागला. गुरांनी हिवाळ्यात जुनं गवत खाऊन टाकलं की वसंतात लहान फुलझाडांना ऊन मिळतं. आयर्लंडच्या देशी वनस्पतींपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जाती या एवढ्याशा भागात आहेत. निळं जेन्शियन एप्रिल-मेमध्ये दगडातून वर येतं तेव्हा युरोपभरातून माणसं बघायला येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी मोठे गोठे बांधले, मुरघासावर गुरं ठेवायला लागले, माळावर जाणं कमी झालं. लगेच हेझलची झुडपं माजली आणि फुलं मागे हटली. मग २००५ ते २०१० या काळात बरेनलाइफ हा प्रकल्प झाला. शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र बसले. पुढे त्यातूनच अशी योजना निघाली की शेतकऱ्याच्या कुरणाची तब्येत तपासून गुण द्यायचे आणि त्या गुणांप्रमाणे पैसे. आजोबांनी केलं ते बरोबर होतं, हे सरकारी कागदावर मान्य झालं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे विंटरेजचा उत्सव असतो. शेतकरी गुरं वर हाकतात आणि गावकरी, पाहुणे मागून चालत जातात. पोराबाळांना घेऊन जरूर या.

माणदेशी

चुनखडी, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याकडचे धनगर डोळ्यांसमोर आले. पावसाळा माणदेशात, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात. भातकापणीनंतर शेतं मोकळी, तिथे मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य. पाऊस यायच्या आत परत. प्रत्येक मुलखाने आपापल्या पावसाप्रमाणे वाट आखली आहे.

तिथे सामाईक रानात कोणी किती गुरं सोडायची हे कोण ठरवत असे? आमच्याकडे गायरानावरून आजही भांडणं होतात.

मेयोची_वाट

माणदेशी, फार चांगला प्रश्न. पश्चिमेकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत गावकीची एक पद्धत होती, तिला रनडेल म्हणतात. घरं एका ठिकाणी घोळक्याने, सुपीक जमिनीच्या पट्ट्या वाटून घेतलेल्या, डोंगर सामाईक. डोंगरावरच्या चराईचं माप होतं कॉलप. एक मोठी गाय म्हणजे एक कॉलप, मेंढ्या काही धरून एक कॉलप, घोड्याला जास्त. किती मेंढ्यांची एक गाय धरायची ते गावोगाव वेगळं. प्रत्येक घराच्या वाट्याला ठरावीक कॉलप. ज्याच्याकडे गाय नाही तो आपला वाटा दुसऱ्याला देऊ शकत असे. म्हणजे डोंगर सगळ्यांचा असला तरी मोकाट नव्हता.

याला जोडूनच बूलीची चाल. मे महिन्यात गुरं डोंगरावरच्या झोपड्यांकडे न्यायची आणि १ नोव्हेंबरच्या साउइन सणापर्यंत परत आणायची, म्हणजे खालची शेतं पिकाला मोकळी. वर कोण जायचं? बहुतेक ठिकाणी तरुण मुली. दगडमातीच्या, गवताने शाकारलेल्या खोपटांत राहायच्या, धारा काढायच्या, लोणी करून खाली पाठवायच्या, सूत कातायच्या. संध्याकाळी गाणी, नाच. जुन्या आठवणींत त्या दिवसांबद्दल कष्टाची तक्रार कमी आणि आनंद जास्त आहे. घरच्यांच्या नजरेपासून दूर, कामाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर, अशी मोकळीक त्या मुलींना आयुष्यात पुन्हा मिळाली नसेल.

अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस पडलेलं गाव आहे. दगडी घरांच्या भिंती एका ओळीत उभ्या आहेत. लोक तिथून हलल्यावरही त्यातली काही घरं उन्हाळी बूली म्हणून वापरात होती, अगदी विसाव्या शतकापर्यंत.

ताकपाणी

१ मेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! माझी कॉर्कमधली घरमालकीण ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या लहानपणी १ मेला घरातून दूध, मीठ आणि विस्तव कोणालाही द्यायचा नाही असा कडक नियम होता. शेजारीण मागायला आली तरी नाही. दिलं तर वर्षभराचं लोणी तिच्याबरोबर जातं.

गावातली एखादी बाई पहाटे दुसऱ्याच्या शेतातल्या दवावरून फडकं ओढत नेते आणि त्या घराचं लोणी आपल्याकडे ओढून घेते, ही समजूत देशभर होती. किंवा ती सशाचं रूप घेऊन गाईच्या सडांना लागते. कुत्र्याने सशाला चावा घेतला आणि मग म्हातारीच्या पायाला जखम सापडली, ही कथा तर प्रत्येक गावात आहे. म्हणून गोठ्याच्या दारावर पिवळी फुलं, ताक घुसळायच्या भांड्याला रोवन झाडाची डहाळी. घुसळण चालू असताना कोणी घरात आलं तर त्याने 'देव या कामाला बरकत देवो' म्हणायचं आणि दोन हात तरी मारायचे. न मारता गेला तर लोणी घेऊन गेला. गाईची नुसती स्तुती करायची नाही, पाठोपाठ देवाचं नाव घ्यायचं. आपल्याकडे दृष्ट लागते, तसंच.

उंबरठा

मला मेयोची_वाट यांच्याशी थोडं असहमत व्हायचं आहे. एका गाईच्या घराची भीती समजते. पण त्या भीतीची किंमत कोणी दिली? पहाटे शेताजवळ दिसलेली ती 'शेजारीण' बहुतेक वेळा विधवा, एकटी, गरीब बाई. दूध मागायला येणारी तीच, कारण तिच्याकडे गाय नाही. १ मेला तिला दारातून परत पाठवायचं आणि वर चोरही ठरवायचं. आपल्याकडे चेटकीण ठरवलेल्या बायांचं काय होतं हे आपण जाणतो, महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला. चालीरीतींचं कौतुक करताना हे सुटू नये.

मेयोची_वाट

उंबरठा, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते इथे लिहिलं जायलाच हवं होतं. त्या वह्यांमधल्या गोष्टी सांगणारा नेहमी गाय असलेल्या घरातला असतो. ती बाई स्वतः काय म्हणत होती हे कुठेच सापडत नाही.

तरी एक बाजू जोडते. त्याच गावांत गाय व्यालेली नसेल त्या घराला शेजारी दूध पोचवत. डुक्कर मारलं की मांसाचा वाटा घरोघर जायचा, आणि पुढच्या वेळी तिकडून यायचा. देणं वर्षभर चालायचं. १ मे हा त्या वर्षातला अपवाद होता. पण अपवाद एकट्या बाईवर येऊन आदळायचा, हे मी मान्य करते.

गोवैद्य

मी नगर जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर आहे. लोणी 'चोरीला' जाण्यामागे शास्त्र आहे. साय फार थंड असली किंवा फार गरम झाली तर कितीही घुसळा, लोणी धरत नाही. साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला नीट येतं. घरात थर्मामीटर नाही, मे महिन्यातली हवा लहरी, तेव्हा एखाद दिवशी लोणी न येणं अटळ. आणि उपाय काय करत? भांड्याखाली जळता निखारा ठेवायचा. साय थंड असेल तर हा उपाय लागूच पडणार! हेतू जादू मोडण्याचा, परिणाम तापमानाचा. पाहुण्याने दोन हात मारायचे यातही घरच्या बाईच्या खांद्याला विश्रांती आहे. घुसळण लांबली की काय होतं ते जिने रवी ओढली आहे तिला विचारा.

बाकी उपचारांचं तसं नाही. गाय अचानक आजारी पडली तर परींनी बाण मारला म्हणत. शेतात सापडलेली अश्मयुगीन गारगोटीची बाणाग्रं पाण्यात टाकून ते पाणी पाजत. पोटात दुखलं तर दोरीची विशिष्ट गाठ पाठीवर धरून एका झटक्यात सोडवायची, सुटली की दुखणं सुटलं. याने गाय बरी होत नाही. ती स्वतःहून बरी झाली असेल तर श्रेय गाठीला. आमच्याकडेही बिब्बा, डाग देणं हे प्रकार मी रोज पाहतो आणि त्यात जनावराचे हाल होतात. त्या मानाने दोरीची गाठ निरुपद्रवी म्हणायची.

पंचगंगाकाठ

डॉक्टर, व्यालेल्या गाईच्या चिकाचं तिकडे काय करत? आमच्याकडे पहिला खरवस शेजारी वाटल्याशिवाय घरात खात नाहीत.

ताकपाणी

घरमालकिणीला विचारलं. पहिली चूळभर धार जमिनीवर सोडायची, परींच्या नावाने. उरलेल्या चिकाची धिरड्यांसारखी पोळी करत. आणि गाय व्याली की चर्चमधून मंतरून आणलेली मेणबत्ती कासेजवळ फिरवून सडांवरचे केस हलकेच जाळत. ती म्हणते, हे काम तिच्या आजीखेरीज कोणाला जमत नसे, गाय लाथ मारायची.

सोनकी

डुकराचं लिहायला हवं. 'घराचा खंड भरणारा सद्गृहस्थ' असं त्याला म्हणत आणि ते शब्दशः खरं होतं. कुळाने डुक्कर खायला पाळलेलं नसायचं, घरमालकाचा खंड भरायला पाळलेलं असायचं. बटाट्याची सालं, लहानसहान बटाटे खाऊन ते वाढायचं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला तेव्हा माणसाचं अन्न गेलं, तसंच डुकराचंही गेलं. दुष्काळात देशातली डुकरं झपाट्याने घटली. म्हणजे पोट आणि खंड दोन्ही एका रोगाने बुडाले. लाखो कुटुंबं का उखडली गेली हे समजायला डुकराचा हा हिशेब कामाचा आहे.

ज्या घरांत डुक्कर मारत त्यांचे नियम: चंद्र वाढता असताना मारायचं, नाहीतर मांस शिजताना आटतं. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाला मात्र रक्त सांडलंच पाहिजे. गरीब घरात कोंबडा. ते रक्त उंबऱ्यावर आणि घराच्या चार कोपऱ्यांत शिंपडत.

घाटमाथा

बाजाराबद्दल दोन ओळी. जुन्या आयरिश जनावरांच्या जत्रा रस्त्यावरच भरत. गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यात तिसरा माणूस पडायचा, दोघांचे हात धरून ओढायचा, फरक अर्धा करा म्हणायचा. सौदा ठरला की हातावर थुंकून टाळी. मग विकणारा मिळालेल्या पैशांतली थोडी रक्कम 'नशिबाची' म्हणून परत द्यायचा, जनावर लाभावं म्हणून. आपल्याकडे हेडे आणि दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तिथे सगळं उघड्यावर, गर्दीच्या साक्षीने. १९५० नंतर लिलावाचे मार्ट आले आणि रस्त्यावरच्या जत्रा बंद पडत गेल्या. बॅलिनास्लोची घोड्यांची जत्रा ऑक्टोबरमध्ये अजून भरते. केरी काउंटीतल्या किलॉर्ग्लिनच्या जत्रेत १० ते १२ ऑगस्टला डोंगरातल्या बोकडाला मुकुट घालून राजा करतात. त्या जत्रेला १६१३ साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली होती.

मेयोची_वाट

घाटमाथा, त्या जत्रेत गाय विकायला पुरुष जायचा आणि पैसे त्याच्या खिशात यायचे. लोणी आणि अंडी मात्र बाईची. हा मुद्दा राहून जायला नको.

कॉर्कमध्ये १७७० ला लोण्याचा मोठा बाजार सुरू झाला. केरीच्या डोंगरांतून लाकडी पिंपांत भरलेलं लोणी तिथे यायचं, त्याची प्रत ठरायची आणि तिथून ते थेट वेस्ट इंडिजपर्यंत जायचं. त्या पिंपांमागे घराघरांत घुसळणाऱ्या बाया होत्या. १८८९ मध्ये लिमरिकमधल्या ड्रमकॉलोहर गावात पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे गावभरचं दूध गोळा करून लोणी काढणारी डेअरी, निघाली. होरेस प्लंकेट यांच्या सहकारी चळवळीतून पुढे गावोगाव क्रीमऱ्या झाल्या. लोण्याची प्रत सुधारली, शेतकऱ्याला बरा भाव मिळाला. पण आता दूध गाडीतून क्रीमरीत पुरुष घेऊन जायचा आणि महिन्याचा हिशेबही त्याच्या नावाने यायचा. बाईच्या हातातला पैसा उरला तो अंड्यांचा. रवीबरोबर डहाळी, निखारा, दोन हात मारून जाणारा पाहुणा हेही गेलं. कॉर्कचा बाजार १९२४ मध्ये बंद झाला.

पंचगंगाकाठ

ताई, हे अगदी तसंच आमच्याकडे झालं. डेअरीचं पुस्तक वडिलांच्या नावाचं, शेण काढण्यापासून धारेपर्यंत सगळं आई करते. यंदा मी सभासदत्व तिच्या नावावर करायचा अर्ज दिला आहे.

मेयोची_वाट

दादा, फार चांगलं केलंत. अर्जाचं काय झालं ते इथे नक्की कळवा.

ज्यांनी निरोप पाठवून पानं कशी शोधायची विचारलं त्यांच्यासाठी: 'दूखस' या संकेतस्थळावर शाळांचा संग्रह उघडा, आधी काउंटी निवडा, मग विषयांत शेतावरची जनावरं. मूळ अक्षर वाचवत नसेल तर बऱ्याच पानांखाली स्वयंसेवकांनी टंकलेला मजकूर आहे. राहिलेली पानं कोणालाही टंकता येतात. प्रत्यक्ष वस्तू बघायच्या असतील तर कॅसलबारजवळ टरलो पार्कमध्ये राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवन शाखा आहे. लाकडी घुसळणी, पाय बांधायच्या दोऱ्या, लव्हाळ्याचे क्रूस, सगळं तिथे मांडलेलं आहे. केरी गाई बघायच्या तर किलार्नीला मक्रॉसच्या जुन्या पद्धतीच्या शेतांवर जा.